धाकटीचा मास्क

त्या गल्लीत त्याला नावानं हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. सगळे त्याला ओळंबा म्हणत. त्यानं बसवलेलं फाटक वीस वर्षांनीही सूतभर झुकत नसे, आणि कुणाच्या घरी गेला की भिंतीवरचं तिरकं घड्याळ यजमानाला न विचारता उठून सरळ करत असे. बायको म्हणायची, "अहो, पाहुणे म्हणून आलोय आपण, मापं घ्यायला नाही." तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. माणूस कष्टाळू, हाताचा सच्चा, जिभेचा जरा तिखट, आणि स्वतःच्या हुशारीवर अंमळ जास्तच खूश. पुढचं सगळं त्या शेवटच्या गोष्टीपायी झालं, म्हणून ती आधीच सांगून टाकलेली बरी.

त्याचं वर्कशॉप म्हणजे दोन शटरांची, पत्र्याच्या छपराची खोली. डाव्या हाताला लोखंडी अँगल, पट्ट्या आणि चौकोनी पाइप रचलेले, उजव्या हाताला कटर मशीन, मधोमध जाड पत्र्याचं टेबल. टेबलावर ठिणग्यांचे इतके डाग की त्याचा मूळ रंग ओळंब्यालाही सांगता आला नसता. मागच्या कोपऱ्यात आर्गन गॅसचा सिलिंडर साखळीनं भिंतीला बांधलेला. आणि दारापाशी खोक्यावर ठेवलेल्या, कापडात गुंडाळलेल्या काळ्या काचा. वेल्डिंग करताना डोळ्यांसमोर धरतात त्या.

काच ही ओळंब्याची खास विद्या. गल्लीतले बाकीचे वेल्डर नवी काच आणली की आधी त्याच्याकडे घेऊन येत. तो ती बल्बसमोर धरायचा. बल्बचा नुसता हिरवट ठिपका दिसला आणि बाकी सगळं काळंकुट्ट, तर ठीक. मग पुढच्या दातांवर हळूच टकटक करून आवाज ऐकायचा, आणि मग निकाल द्यायचा, "घे," किंवा "फेकून दे." चाळीस वर्षं हीच परीक्षा आणि चाळीस वर्षं डोळे ठणठणीत. आपलं तपासणं चुकतच नाही असं वाटायला माणसाला याहून जास्त काय लागतं?

त्याला दोन मुली. मोठी लग्न होऊन लांब गेलेली. धाकटी सव्वीस वर्षांची, मालवाहतुकीच्या एका ऑफिसात बिलं करायची. ते ऑफिस एका सोमवारी उघडलंच नाही. दोन महिने घरात बसून तिचा जीव उबगला, तेव्हा ती वर्कशॉपमध्ये येऊन बापाची कोटेशनं लिहू लागली. जेवणाच्या सुट्टीत बाप डुलकी काढायचा तेव्हा ती वाया गेलेले तुकडे घेऊन वेल्डिंग करून बघायची. ओळंब्यानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पोट धरून हसला होता.

"काय, दागिने घडवायचेत का?"

"हसून घ्या," ती म्हणाली होती. "वर्षभरानं तुमच्याकडून मजुरी घेईन."

वर्षभर लागलं नाही. सात-आठ महिन्यांत तिचा जोड असा यायला लागला की ओळंबा ती नसताना तो फडक्यानं पुसून, एक डोळा मिटून, खोट शोधत बसायचा. खोट सापडायची नाही. हे त्यानं सगळ्या गल्लीला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, उभ्या गिऱ्हाइकांना सांगितलं. फक्त तिला सांगितलं नाही. तिला म्हणायचा, "बरं आहे. हात जरा जड ठेव."

वर्कशॉपला लागणारा किरकोळ माल फोनवरून मागवायचं कामही तिनंच हातात घेतलं होतं. ग्राइंडरच्या चकत्या, हातमोजे, ड्रिलची पाती. आणि त्यात ती बापाहून काटेकोर होती. विकणारा कोण, किती वर्षं विकतोय, पक्कं बिल देतो का, माल परत घेतो का, हे पाहिल्याशिवाय ती बोट लावत नसे. पैसे अ‍ॅपच्या बाहेर द्यायचे नाहीत, मग समोरचा सख्खा मामा का असेना. बाजारात ज्याचा जो भाव आहे त्याच्या निम्म्यात कोणी काही देऊ लागला, तर ती ते पान बंदच करायची.

"अगं, स्वस्त मिळतंय तर घे ना," ओळंबा म्हणायचा.

"बाबा, तुम्ही फोटोला भुलता. लोखंड घेताना वजन करून घेता, आणि इथं नुसतं चित्र बघून पैसे टाकायला निघता."

तो मिशीत हसायचा. मनात मात्र खट्टू व्हायचा. चाळीस वर्षं माल पारखणाऱ्याला कालच्या पोरीनं शिकवावं, हे त्याला झेपत नव्हतं.

शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात पाइप वेल्डरच्या जागा निघाल्या. स्टीलचे बोटभर जाडीचे पाइप, आर्गनचं काम, पक्की नोकरी. परीक्षा दोन महिन्यांनी. पाइपला गोल फिरून जोड मारायचा आणि मग ते लोक त्याचा एक्स-रे काढून आत पोकळी राहिली का ते बघणार. धाकटीनं अर्ज केला. घरात तिनं ते जेवताना इतक्या सहज सांगितलं की आईला वाटलं दळण आणायला निघाली आहे.

आता आर्गनच्या कामात दोन्ही हात गुंतलेले असतात. एका हातात ठिणगी पाडणारा टॉर्च, दुसऱ्या हातात भर घालायची बारीक सळी. हातात धरायची जुनी काच तिथं कामाची नाही. डोक्यावर बसणारा मास्क लागतो, ठिणगी पडताक्षणी आपोआप काळा होणारा. ओळंब्यानं ठरवलं की हा मास्क आपण घेऊन द्यायचा. तिला न सांगता. परीक्षेची भेट म्हणून.

तो सेफ्टीवाल्याकडे गेला. हेल्मेट, बूट, पट्टे विकणारं ते दुकान बाजारपेठेच्या टोकाला होतं आणि दुकानदार त्याच्या वयाचा, जुन्या ओळखीचा. त्यानं कंपनीचा मास्क काढून दाखवला, भाव सांगितला. ओळंब्यानं निम्मा मागितला. सेफ्टीवाला हसला.

"अरे, फाटक विकतो का मी? डोळ्यांची गोष्ट आहे. यात घासाघीस नाही."

हे तो दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. ओळंब्याला लागलं. तो "बघतो" म्हणून बाहेर पडला, आणि बाहेर पडला तो फोन काढूनच.

फोनवर तोच मास्क होता. तोच रंग, तीच ठेवण, भाव तिसऱ्या हिश्श्यानं. त्यानं विचारणा केली तर लगेच मेसेज आला. साहेब, इथं ऑर्डर करू नका, अ‍ॅपवाले मधल्यामध्ये कमिशन खातात. थेट फॅक्टरीतून पाठवतो, या नंबरवर पैसे टाका, अजून कमी लावतो. कोणीतरी आपल्याला साहेब म्हटलं, वर कमिशन खाणाऱ्यांना शिव्याही घातल्या. ओळंब्याला तो माणूस आपल्यातलाच वाटला. धाकटीचे सगळे नियम त्याला तोंडपाठ होते. पण हे तिच्यासाठीच तर होतं, तिला विचारायचं कसं? घरात एकच माणूस असा होता जो त्याला तिथं अडवू शकला असता, आणि नेमका त्याच माणसापासून हे लपवायचं होतं. त्यानं पैसे टाकले.

मास्क सहा दिवसांनी आला. खोक्यावर भलत्याच कुठल्या नावाचा कागद, आत बिल नाही. ओळंब्यानं खोकं मागच्या मागे जाळून टाकलं. मग दार लोटून मास्क डोक्यावर चढवला, एका तुकड्यावर ठिणगी पाडली. क्षणात सगळं काळं, मधे नुसता ठिपका. दातांवर वाजवून बघायला पुढचं आवरण प्लास्टिकचं होतं, ते या जातीच्या मास्कला असतंच. म्हणजे परीक्षेतली निम्मी गोष्ट पास झाली होती आणि उरलेली निम्मी इथं लागूच नव्हती. तो खुशीत आला. सेफ्टीवाल्याच्या नाकावर टिच्चून आपण तोच माल आणला, असं त्याला वाटलं.

धाकटीनं मास्क हातात घेतला आणि तिचे डोळे भरून आले. बाप असं काही करत नसे.

"कुठून घेतलात?"

"सेफ्टीवाल्याकडून. कंपनीचा आहे."

"बिल?"

"दुकानातच राहिलं. आणतो."

मास्क कंपनीचा, हे त्या घरात पहिलं खोटं. तसं बघायला गेलं तर किती किरकोळ!

ती रोज चार-चार तास सराव करू लागली. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिचे डोळे लाल होऊन सुजले. पापणीत वाळू गेल्यासारखं टोचत होतं, उजेड सहन होत नव्हता. वेल्डरांच्या गल्लीत याला कोणी आजार समजत नाही. ज्याला पहिल्यांदा होतं त्याच्यासाठी चहा मागवतात, पाठीवर थाप मारतात आणि सांगतात, आता झालास तू वेल्डर. ओळंब्यानंही चहा मागवला. बायकोनं बटाट्याच्या चकत्या कापून तिच्या डोळ्यांवर ठेवल्या.

"सगळ्यांना होतं गं," तो म्हणाला. "मला लग्नाच्या आदल्या दिवशी झालं होतं. तुझ्या आईला वाटलं, हा रडतोय."

"रडतच होता," आई म्हणाली.

धाकटी बटाट्याखालून हसली. दोन दिवसांत बरी झाली आणि पुन्हा कामाला लागली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग पुन्हा. तिसऱ्यांदा तिनं मास्क उलटासुलटा करून पाहिला.

"बाबा, हा नीट आहे ना?"

"कंपनीचा आहे म्हटलं ना. तू ठिणगी पाडताना मास्क उशिरा खाली घेत असशील."

ती विचारात पडली. कदाचित घेत असेन, असं म्हणाली. इतकी हुशार मुलगी, पण बापानं कंपनीचा म्हटल्यावर तिनं मास्कवर शंका घ्यायचं सोडून दिलं आणि स्वतःच्या हातावर घ्यायला लागली.

ओळंब्याच्या मनात मात्र पाल चुकचुकली. एका दुपारी ती बँकेत गेली असताना त्यानं तो मास्क लावून तासभर सलग काम केलं. संध्याकाळी जेवताना त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत वाळू टोचायला लागली. लग्नानंतर कधी न झालेली गोष्ट एका तासात झाली. त्यानं घास खाली ठेवला, हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन विकणाऱ्याला फोन लावला. नंबर बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंद.

त्याच दिवशी त्यानं घरात सांगून टाकलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती. थोडी बोलणी खाल्ली असती, चार दिवस मान खाली घातली असती. पण ओळंब्यानं वेगळा हिशेब केला. सेफ्टीवाल्याकडचा खरा मास्क दिसायला हुबेहूब असाच आहे. तो आणायचा, सकाळी ती यायच्या आत खुंटीवर टांगायचा, खोटा काढून टाकायचा. कोणाला काही कळायचं नाही. तो दुकानात गेला, आता न कुरकुरता पूर्ण भाव द्यायला तयार. सेफ्टीवाला म्हणाला, "संपला. मागवलाय. आठ-दहा दिवस लागतील."

ओळंब्यानं आगाऊ पैसे दिले आणि घरी आला. फोनवर त्या विकणाऱ्याशी झालेले सगळे मेसेज, त्याचा नंबर आणि पैसे टाकल्याची पावती त्यानं एकेक करून पुसून टाकली, कारण धाकटी अधूनमधून त्याचा फोन घ्यायची.

ते आठ-दहा दिवस तो रोज काही ना काही काढायचा. आज गॅस कमी आहे. आज फाटकाची डिलिव्हरी आहे, तू चल. आज तुझं डोकं दुखतंय तर घरी बस. ती ऐकायची नाही. परीक्षा तोंडावर आलेली. रोज सकाळी खुंटीवरून तो मास्क काढून ती डोक्यावर चढवायची आणि ओळंबा लोखंडाचे तुकडे उगीच या घोडीवरून त्या घोडीवर ठेवत राहायचा. एकदा तर त्यानं तो मास्क लपवून ठेवला. तिनं पंधरा मिनिटांत शोधून काढला आणि वर त्यालाच म्हणाली, "बाबा, वय झालं तुमचं. वस्तू कुठं ठेवता तेच आठवत नाही."

सातव्या दिवशी ती म्हणाली, "अक्षरं वाचताना मधेच गायब होतात."

"म्हणजे?"

"म्हणजे शब्दाच्या दोन्ही कडा दिसतात, मधलं अक्षर नाही. करडा डाग येतो. डोळा फिरवला की डागही फिरतो."

बायकोनं त्याच दिवशी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. ओळंबाही गेला. डॉक्टर तरुण होत्या, चेहऱ्यावर झोप न झाल्याचा थकवा. त्यांनी थेंब घालून, अंधार करून बराच वेळ आत पाहिलं. मग दिवा लावला.

"काय काम करता?"

"वेल्डिंग," धाकटी म्हणाली.

"सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्यांना होतं तसं दिसतंय. पडद्यावर, अगदी मधोमध. मास्क कसला वापरता?"

"कंपनीचा आहे. आपोआप काळा होणारा." तिनं बापाकडे हात केला. "बाबांनीच घेऊन दिलाय, दुकानातून."

डॉक्टरांनी ओळंब्याकडे पाहिलं. खोलीत चौघं होती. भिंतीवर अक्षरांचा तक्ता किंचित डावीकडे झुकलेला होता आणि ओळंब्याचे डोळे त्यावर खिळले होते. त्यानं मान डोलावली. हो म्हणून.

"मग तुम्ही मास्क न लावता बघत असणार," डॉक्टर धाकटीला म्हणाल्या. आवाज कडक झाला होता. "सगळे हेच म्हणतात, मी नाही बघत. पण चांगल्या मास्कमागे असं होत नाही. पुढच्या आठवड्यात स्कॅन करू. तोवर काम बंद ठेवलेलं बरं."

"दहा दिवसांवर परीक्षा आहे माझी. मास्क सोडून एक क्षणही नाही बघितलं तर चालेल?"

"मी बंद ठेवा म्हटलंय," डॉक्टर म्हणाल्या आणि दुसरा पेशंट आत आला.

धाकटीनं 'बंद ठेवलेलं बरं' यातलं 'बरं' तेवढं उचललं. दिवसाला फक्त अर्धा तास, मास्क गळ्यापर्यंत बांधून, अगदी सांभाळून. बायको तिच्याशी भांडली. ओळंबाही म्हणाला, "नको करूस गं." पण नको म्हणायचं खरं कारण तो सांगत नव्हता, आणि त्याच्यावाचून त्याचं नको म्हणणं त्याच्या रोजच्या सबबींसारखंच होतं. ती म्हणाली, "बाबा, मास्क चांगला आहे, डॉक्टरांनीच सांगितलं. चूक माझी होती. आता नाही होणार." असे चार अर्धे तास झाले.

पाचव्या दिवशी सकाळीच सेफ्टीवाल्याचा निरोप आला. ओळंबा खोटा मास्क पिशवीत घालून धावतच गेला. दुकानात कोणी नव्हतं. का कोण जाणे, त्यानं तो मास्क काउंटरवर काढून ठेवला. सेफ्टीवाल्यानं तो उचलला, वजन बघितलं, आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन उघडला. आत घड्याळात असते तसली एक बॅटरी, एक वायर, आणि काचेच्या जागी करंट लागला की काळी पडणारी स्वस्त प्लास्टिकची पट्टी.

"काळं होतंय ना," ओळंबा म्हणाला. "मी बघितलं. बल्बचा नुसता ठिपका दिसतो."

"काळं होतं रे. पण डोळ्याला जो उजेड दिसतो तेवढाच अडवला यानं. जो दिसत नाही, जाळतो, तो सगळा आत. आणि अंधार झाला म्हणून डोळ्याची बाहुली आणखी मोठी उघडते. हे नसतं तर माणसानं डोळे मिटले तरी असते." त्यानं पट्टी खाली ठेवली. "कोण वापरतंय हे?"

ओळंब्यानं ती पट्टी उचलून पुन्हा उजेडासमोर धरली. सेफ्टीवाल्यानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. तो दोन शिव्या घालता तर बरं झालं असतं. त्यानं नवा मास्क बिलासकट, आणि खाली उघडलेला खोटा, पिशवीत घालून दिला आणि खुर्ची पुढं सरकवली. ओळंबा बसला नाही.

तो पोचला तेव्हा धाकटी आधीच वर्कशॉपमध्ये येऊन खुंटी चाचपडत होती. त्यानं "साफ करायला नेला होता" म्हणत नवा मास्क पुढं केला. तिनं तो डोक्यावर चढवला आणि लगेच काढला. पुन्हा चढवला. पट्ट्यावर बोट फिरवलं.

"हा आपला नाही."

"तोच आहे."

"बाबा, मी दीड महिना डोक्यावर घेतलाय तो. याचं वजन पुढं येत नाही. याचा खटका वेगळा आहे." तिनं टॉर्च उचलला, पाइपच्या तुकड्यावर ठिणगी पाडली. दोन क्षण. मग टॉर्च बंद केला, मास्क वर केला. "आणि यातून हिरवं दिसतं. त्यातून निळं दिसायचं."

तिनं मास्क काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "तेव्हा दिसायचं तरी. जोड जिथं होतोय तिथंच डाग आहे माझा. आजूबाजूचं सगळं दिसतं. सळीचं टोक नाही दिसत."

त्यावर ओळंबा खाली बसला. टेबलाच्या पायाशी, लोखंडाच्या भुशात. आणि त्यानं सगळं सांगितलं. दुकानात झालेला अपमान, फोन, तो साहेब म्हणणारा माणूस, जाळलेलं खोकं, स्वतः लावून बघितलेला तास, वाट बघितलेले आठ-दहा दिवस. सांगताना त्यानं एकदाही मान वर केली नाही. काही वगळलं मात्र नाही, एवढं त्याच्या बाजूनं म्हणता येईल.

संपल्यावर धाकटीनं विचारलं, "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात ना?"

"हो."

"मान हलवलीत."

"हो."

"त्यानंतर चार दिवस मी बसले इथं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर ओळंब्याला तिच्या जवळ जाता आलं असतं.

स्कॅनच्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत शिरताच ओळंब्यानं उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी ऐकलं, लिहिलं, आणि धाकटीला म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुम्हाला बोलले. माफ करा." त्याला त्या काही बोलल्या नाहीत. परत येईल का, हे बायकोनं विचारलं. काहींचं थोडंफार येतं, सहा महिने बघायचं, त्यानंतर जे उरेल ते उरेल, असं उत्तर मिळालं. बारीक काम, वाचन, गाडी चालवणं तूर्त नाही. वेल्डिंग नाहीच, तूर्तही नाही आणि पुढंही नाही.

कारखान्याची परीक्षा होती त्या दिवशी ती दोघं तक्रार नोंदवायला गेली. जायचं तिनंच ठरवलं. हा माणूस आजही कुणाला तरी साहेब म्हणत असेल, ती म्हणाली. काउंटरवरच्या बाईनं फॉर्म पुढं केला. विकणाऱ्याचा नंबर, मेसेज, पैसे दिल्याची पावती, माल आला त्या खोक्याचा फोटो. धाकटीला रकाने वाचता येत नव्हते, म्हणून ती बाई एकेक मोठ्यानं वाचत होती आणि धाकटी प्रत्येक वेळी बापाकडे वळत होती.

"नंबर?"

"पुसला," ओळंबा म्हणाला.

"मेसेज?"

"पुसले."

"पावती? खोकं?"

त्यानं मान हलवली. बाईनं पेन खाली ठेवलं. वस्तू आहे का विचारलं, हो म्हटल्यावर तेवढीच नोंद केली, आणि एवढ्यावर फार काही होईल असं वाटत नाही, हे शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं.

दोघं बाहेरच्या बाकावर येऊन बसली. बस यायला वेळ होता. ओळंब्याला काहीतरी बोलायचं होतं, पण माफ कर हे शब्द त्यानं आठवड्यात इतक्यांदा वापरले होते की त्यांच्यात आता काही उरलं नव्हतं.

"कशाला पुसलंत सगळं?" तिनं विचारलं.

"तू बघशील म्हणून."

धाकटी त्याच्याकडे वळली. सरळ त्याच्या तोंडाकडे बघितलं, पण मग तिची नजर हलली. जरा उजवीकडे, जरा वर, त्याच्या कानामागच्या भिंतीकडे जाऊन थांबली. त्याला वाटलं, तिनं तोंड फिरवलं. तेही त्यानं मान्य केलं.

"फिरवलं नाही," ती म्हणाली, जणू तो बोललाच होता. "सरळ बघितलं की तुमचं तोंडच दिसत नाही. तुम्हाला बघायचं तर मला आता असंच बघावं लागतं."

आणि ती त्या भिंतीकडे बघत राहिली, बस येईपर्यंत.